सुरूचं पिल्लू

१

पावसाळा सरला की सिप्रियनच्या घरातली सकाळ चटयांनी उजाडायची. गिरीज गावातली त्यांची वाडी तशी लहान, पण विहिरीचं पाणी गोड आणि राजेळी केळ दांडगी. पिकलेली केळी सोलून बेला ती उन्हात चटयांवर मांडायची, दुपारी पलटायची, ऊन उतरलं की गोळा करून सुक्या पानांखाली रात्रभर घामेजायला ठेवायची. आठवडाभर हे सोसलं की केळ्याचं सुकेळं व्हायचं, मधाच्या रंगाचं, दाताला चिकटणारं.

बेला त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिने लग्नाचा विषय मिटवून टाकला आणि सुकेळी विकून भावाला शिकवलं. भाऊ मुंबईच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागला, डॉक्टरेट मिळवली, निवृत्त होऊन परत वाडीत आला. बायकामुलं नाहीत. दाराची कडी लावली का हे दोनदा बघणारा, आणि स्वतः काढलेल्या उत्तरावर स्वतःच विश्वास न ठेवणारा माणूस. बेला म्हणायची, "एवढं शिकलास ते शंका काढायलाच."

तिचा स्वतःचा एकच नियम होता, आईकडून आलेला. चटई जिने मांडली तिनेच उचलायची. मधे हात बदलला की सुकेळी काळी पडतात. आणि चटईवर ओलं केळं असेपर्यंत तिने तिथून हलायचं नाही. कावळे टपलेलेच असतात.

नाताळ होऊन गेल्यावरची गोष्ट. बेलाने अंगणाच्या टोकाच्या चटईवरचं एक केळं दाबून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"सिप्रू, ही का रे ओली?"

बाकीच्या चटया होऊन गेल्या होत्या. त्यांची सुकेळी पानांत बांधून फळीवर चढलीसुद्धा होती. ही एकच चटई आज सकाळी मांडल्यासारखी दिसत होती. सिप्रियनने चष्मा पुसून पाहिलं. अलीकडच्या टोकाची केळी थोडी सुरकुतली होती. पलीकडच्या टोकाची, झाडाच्या बुंध्याला लागून असलेली, सालीतून नुकती काढल्यासारखी ओलसर, पांढरीपिवळी.

सुकली नव्हती, हे एक वेळ समजलं असतं. पण ती सडलीही नव्हती.

२

झाड फेबियनचं. फेबियन हा त्यांच्या दिवंगत धाकट्या बहिणीचा मुलगा, बोटीवर नोकरीला. आणीबाणी उठली त्या वर्षी तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून बिस्किटाच्या डब्यात एक रोप घेऊन आला होता. रेडवुड. तिकडे म्हणे ही झाडं चर्चच्या मनोऱ्यापेक्षा उंच जातात आणि त्यांच्या खोडातून गाडी काढता येते. पण ही जात घराच्या आवारात शोभेला लावण्यासाठी मुद्दाम निवडलेली. रोपाला बांधलेल्या पट्टीवर लिहिलं होतं की हे अतिशय सावकाश वाढतं.

"मामा, तुम्हाला प्रयोगाला आणलं," फेबियन म्हणाला.

"थंड धुक्याचं झाड ते. इथल्या उकाड्यात आठवडा काढणार नाही."

बेलाने त्याची बारीक मऊ पानं बोटांत धरून पाहिली. समुद्रावर सुरूची झाडं असतात, तसंच काहीसं तिला वाटलं असावं. "हे तर सुरूचं पिल्लू," ती म्हणाली. "पिल्लू आहे, जगेल."

जगलं. किनाऱ्यावरचे सुरू बघता बघता घराच्या वर जातात. हे वर्षानुवर्षं तिथल्या तिथे उभं. आता कुठे ते सिप्रियनच्या कमरेला लागत होतं. बुंधा तांबूस, साल काथ्यासारखी धाग्याधाग्यांची. त्याची सावली जेमतेम एका चटईपुरती. पण मे महिन्यातसुद्धा त्या सावलीत पाय ठेवला की घोट्याला गार लागायचं, विहिरीत वाकल्यावर चेहऱ्याला लागतं तसं.

"हिला सुकू दे," बेला चटईकडे बघून म्हणाली. "ही सुकल्याशिवाय मी उचलायची नाही."

३

सिप्रियनने आधी स्वतःवर संशय घेतला. चष्म्याचा नंबर वाढला असेल. बेलाच रोज ताजी केळी मांडत असेल आणि विसरत असेल. मग त्याने घरातल्या क्रुसासमोर लावायच्या मेणबत्त्यांतल्या दोन, एकाच पुड्यातल्या, उचलल्या.

"दिवसाउजेडी मेणबत्त्या?" बेला म्हणाली. "कुणी बघितलं तर म्हणतील, मास्तरचं डोकं फिरलं."

"बघ तर खरी, बाय."

एक मेणबत्ती त्याने ओसरीच्या कठड्यावर लावली, वाऱ्याकडून कंदिलाची काच घालून. दुसरी झाडाच्या बुंध्याशी, तशीच काच घालून. कठड्यावरची दुपारपर्यंत संपली. तिचं मेण कठड्यावर पसरून थिजलं. बुंध्याशी ठेवलेली जशीच्या तशी होती. वातीखाली मेणाचा एक थेंब ओघळायला निघाला होता, तो निघालेलाच होता. ज्योत हलत नव्हती. ज्योत विझलेली नसते आणि हलतही नसते, असं त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्याने हात पुढे केला. त्याच वेळी चर्चची बारा वाजताची घंटा सुरू झाली. दुपारच्या प्रार्थनेला म्हणून तो वाकला, डोकं सावलीत गेलं, आणि घंटेचा आवाज बदलला. रोजचे भारदस्त टोल, मधे थांबून पडणारे. ते शेळीच्या गळ्यातली घंटी कुणी धावत न्यावी तसे किणकिणत एकमेकांवर पडले आणि संपले.

तो दचकून मागे सरला. बेला ओसरीवरून त्याच्याकडे बघत होती.

"काय रे, झोप लागली की काय तिथे? प्रार्थना झाली, भात वाढला, हाका मारून घसा बसला माझा."

"मी आत्ता तर वाकलो," सिप्रियन म्हणाला.

कठड्यावर एका ताटात भात निवलेला होता.

४

त्याच उन्हाळ्यात बेलाच्या पोटात दुखू लागलं. सिप्रियन तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टर तरुण होता, त्याने सिप्रियनला बाजूला नेलं. गाठ आहे, भरभर वाढणारी आहे, या वयात चिरफाड करण्यात अर्थ नाही. घरी न्या. आवडतं ते खायला द्या.

घरी आल्यावर बेलाने विचारलं, "काय म्हणाला?"

"आवडतं ते खायला दे म्हणाला."

"म्हणजे जाणार मी," बेला म्हणाली आणि लुगड्याचा पदर खोचून चटईपाशी जाऊन बसली.

तिथे दुखत नाही, हे तिलाच पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी ती उठून आली तेव्हा चेहरा मोकळा होता. "गार वाटतं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाट थोडा आत सरकवला, मग आणखी थोडा. घरात काम असलं की बाहेर यायची, पोट धरून चूल सारवायची, आणि परत जाऊन बसायची. सिप्रियन ओसरीवरून बघत राहायचा. ती कावळ्याला हाकलायला हात उचलायची तो पाण्यातून उचलल्यासारखा.

पुढल्या हिवाळ्यात त्याच डॉक्टरने पुन्हा तपासलं. गाठ होती तेवढीच होती.

"काय औषध देता?"

"सुकेळी," बेला म्हणाली.

डॉक्टर हसला. सिप्रियन हसला नाही. परतताना त्याला सारखं वाटत होतं, आपल्याला जे कळलंय ते डॉक्टरला सांगावं. पण काय सांगणार? की एका झाडाला सावकाश वाढायची सवय आहे, आणि त्याच्याजवळ बसलेलं सगळंच तसं वाढतं? आणि कळलंय म्हणजे तरी काय? एक मेणबत्ती, एक चटई, एक म्हातारा.

५

शेजारची सुभद्रा भाजीचे वाफे राखायची आणि वाडीतल्या सगळ्यांच्या खबरीही. एका सकाळी ती कुंपणावरून ओरडली, "मास्तर, माझी तांबडी तुमच्या अंगणात शिरली ती गेलीच. मुंगसाने नेली म्हणावं तर पिसं कुठायत?"

"बघतो," सिप्रियन म्हणाला.

त्याने पाहिलीच होती. कोंबडी झाडाच्या मागच्या अंगाला होती, अगदी बुंध्याशी. एक पाय उचललेला, मान तिरकी. आदल्या दिवसापासून तो पाय उचललेला होता. डोळा उघडा होता आणि त्यात ऊन चमकत होतं.

त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुभद्रा आत गेली असती. रोज सकाळी कॉफी घेताना तो पाय बघायचा. काही आठवड्यांनी तो जमिनीला टेकला. मग मान सरळ झाली. पुढे ईस्टर होऊन गेल्यावर एका दुपारी कोंबडी सावलीतून टुणकन बाहेर पडली आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात कुंपणाखालून घरी गेली.

सुभद्रा पदराने तोंड झाकून हसत आली. "मास्तर, तांबडी आली हो. तुमचा देव तिसऱ्या दिवशी आला, माझी कोंबडी तिसऱ्या महिन्यात. आणि अंगावर पावशेर मांस कमी नाही. कुणाचं खाऊन आली म्हणायची?"

बेला तेव्हा पाटावर होती. सुभद्राने तिलाही हाक मारली, "बेलाबाय, ऐकलं का?"

बेलाने मान वळवली नाही. सुभद्रा बराच वेळ उभी राहिली.

"कानाने गेली का हो?" तिने हळू आवाजात विचारलं.

"थोडं कमी येतं," सिप्रियन म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी तो ओसरीवर पेंगत होता, तेव्हा बेला मोठ्याने हसली. कसला तरी लांबलेला, घोगरा आवाज होता तो, पण हसणंच होतं. कोंबडीवरचं.

६

त्या दिवशी बेला संध्याकाळी आली नाही. सिप्रियनने बाहेरून हाका मारल्या. ती पार बुंध्यापाशी सरकली होती. तिथेच सगळ्यात कमी दुखत असणार. सकाळी जाताना म्हणाली होती, "ही चटई झाली की उठते. तू चहा टाक तोवर." त्याने चहा टाकला होता. तो निवला.

दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती. तिसऱ्या दिवशी त्याने माडाच्या झापांचा कूड अंगणाच्या त्या बाजूला उभा केला आणि सुभद्राला सांगितलं की बायला मुंबईला इस्पितळात ठेवलंय.

आत शिरून तिला हाताला धरून आणावं, असं त्याला रोज वाटायचं. आणलं तर ती उठेल, घरात येईल, आणि ती गाठही तिच्याबरोबर बाहेर येईल. डॉक्टरने सांगितलेले दिवस तसेच शिल्लक आहेत. ती बाहेर पडली की ते सुरू होणार. नाही आणलं तर ती जिवंत आहे. पण कोणासाठी? आणि तिला न विचारता हे ठरवणारा आपण कोण? तिने कधी भावाला न विचारता त्याच्यासाठी काही ठरवलं नव्हतं.

शिवाय आणखी एक शंका होती. ती शंका मनात आली की तो उठून काहीतरी काम काढायचा. आपण बघतो ते खरं नसेल, तर मग कुडाच्या आड काय बसलंय?

एकदा कार्तिकात अवकाळी सर आली. तो छत्री घेऊन कुडाच्या आत गेला आणि तिथेच थबकला. अंगणात पाऊस धो धो पडत होता, आणि झाडाभोवती थेंब हवेत लटकले होते. वर दाट, खाली विरळ, काचेच्या मण्यांच्या माळा सोडल्यासारखे. मधे बेला कोरडी बसली होती. तिच्या डोक्यापासून वीतभर वर एक थेंब होता. त्यात वाडी उलटी दिसत होती, आणि छत्री धरलेला एक बारकासा माणूस.

सिप्रियन घाबरला नाही, आणि याचंच त्याला नंतर नवल वाटलं. तो लहान मुलासारखा बघत उभा राहिला. असं काही दिसेल म्हणून तर आपण हे शास्त्र शिकायला गेलो होतो, हे त्याला पार विसरायला झालं होतं.

७

वर्षं गेली. पाण्याचे टँकर गावात येऊन गोड विहिरी उपसून नेऊ लागले. नालासोपाऱ्याकडे इमारती उठल्या, त्यांच्या गच्च्या माडांवरून दिसू लागल्या. सुभद्राच्या मुलांनी वाडी विकली, ती जाताना सिप्रियनच्या पाया पडली आणि कुडाकडे न बघता निघून गेली. झाड वीतभर वाढलं. त्याचा गारवाही तेवढाच पुढे सरकला. सिप्रियनने हद्दीवर विटा लावल्या होत्या, त्या आता आत गेल्या होत्या.

मग स्वयंपाकघरातली भांडी वाजू लागली.

फळीवरचे पेले एकमेकांना लागून बारीक थरथरायचे. आधी त्याला वाटलं, बांधकामाचे ट्रक. पण रविवारीही ती थरथर होती. कान भिंतीला लावला तर काही ऐकू येत नव्हतं. छातीला मात्र जाणवायचं, चर्चमधल्या ऑर्गनचा सगळ्यात खालचा सूर जाणवतो तसं. दिवसचे दिवस एकच सूर. मग तो किंचित बदलला. त्या दिवशी कुडाच्या आत जाऊन त्याने पाहिलं तर बेलाचं तोंड उघडलेलं होतं. ती काहीतरी बोलत होती.

आणि तिचा उजवा हात उचललेला होता.

जुनी दुर्बीण घेऊन तो तासन् तास तो हात बघत बसे. तळवा खाली, बोटं पुढे. गिरीजमध्ये माणसाला बोलवायचं तर असाच तळवा खाली करून हात हलवतात. कुणाला तिथेच थांबवायचं असलं तरी हात आधी असाच वर जातो. पुढे बोटं आत वळली तर ये. बाहेर झटकली तर येऊ नको.

बोटं अजून वळली नव्हती.

तिला बाहेर यायचंय? की भावाने आत येऊ नये असं सांगायचंय? सिप्रियनला आता जिना चढताना दम लागायचा. हात थरथरायचे. त्याने मनाशी अंदाज केला, पुसला, पुन्हा केला. ती बोटं वळेपर्यंत आपण उरत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एका उत्तराबद्दल शंका वाटली नाही.

८

त्याने घर झाडलं. फेबियनला बोटीच्या पत्त्यावर दोन ओळी टाकल्या, की किल्ली फादरांकडे ठेवली आहे.  मग चुलीवर चहा केला, आलं घालून, बेलाला आवडतो तसा दाट, बाहेर येऊन दाराची कडी लावली का हे दोनदा पाहिलं आणि दोन्ही हातांनी पेला धरून तो अंगणात उतरला. पोटाशी आलेली वाफ बरी वाटत होती.

दुपारची वेळ. कूड त्याने आदल्या दिवशीच काढून टाकला होता. विटांच्या थोडं अलीकडे तो थांबला. बेलाचा हात तसाच. काचेतली मेणबत्ती तशीच, ओघळायला निघालेला थेंब आता अर्ध्यावर आला होता.

त्याने पाय आत ठेवला. घोट्याला गार लागलं. मग गुडघ्याला. पावलागणिक वाडीचा आवाज वर चढत गेला. पाखरांची किलबिल किड्यांच्या किरकिरीसारखी झाली, मग तीही बारीक होऊन ऐकू येईनाशी झाली. आणि समोर बेलाच्या पाठीत हालचाल आली, खांदे हलले, पदर वाऱ्यावर आला, आणि तिचा हात सटकन पुढे गेला.

"हाड्!" बेला म्हणाली. झाडाच्या आड, चटईच्या टोकाशी बसलेला कावळा उडाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

मग तिने मान वळवली. लुगडं तेच, चेहरा तोच. त्याच्या चेहऱ्यावर मात्र तिची नजर अडखळली. पांढऱ्या भुवया, बसलेले गाल, थरथरणारे हात.

"एवढा चहा करायला किती वेळ रे," ती म्हणाली. पुढे काही म्हणणार होती, ते राहिलं. "सिप्रू? तुझे केस..."

"घे, बाय," सिप्रियन म्हणाला. "गरम आहे."

तिने पेला घेतला आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. बघतच राहिली. पेला तोंडापाशी नेलेला हात तिथेच थांबला.

सिप्रियनला वळायचं नव्हतं. पण शंका काढायची सवय जन्माची. तो वळला.

वाडीवरचं ऊन वाहत होतं. उतरत होतं, चढत होतं, पडद्यामागे कुणी दिवा हलवावा तसं. ओसरीवरची त्याची खुर्ची होती, मग नव्हती. कौलांत एक भोक दिसलं, ते मोठं झालं. दाराची कडी अजून लावलेली होती, दार मात्र आता नव्हतं. माडांच्या जागी काहीतरी करडं, चौकोनी वर चढत होतं, थांबत होतं, चढत होतं. आणि त्याच्यापलीकडे, सगळ्याच्या वर, तांबूस असं काहीतरी. त्याला आधी वाटलं मनोरा. मग त्याच्यावर साल दिसली, पाठीमागच्या पिल्लाची असते तशीच, काथ्यासारखी.

त्याने नजर खाली घेतली. बेलाने त्याचं मनगट धरलं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं, घट्ट.

"चल, उठू या," तो म्हणाला. "घरी जाऊ."

"जाऊ ना," बेला म्हणाली. तिने पाट थोडा सरकवून त्याच्यासाठी जागा केली. "ही एवढी चटई झाली की."

सिप्रियन तिच्याशेजारी बसला. हात पुढे करून त्याने एक केळं बोटाने दाबून पाहिलं.

ओलं होतं.